वाळलंय

थंडी पडायच्या महिनाभर आधी गल्लीत पारखीकाकांचा भाव वधारायचा. एरवीही त्यांना मान होताच, पण त्या महिन्यात चहा पाजल्याशिवाय त्यांना कोणी दारातून पुढे जाऊ देत नसे. घराघरात लोखंडी शेगडी होती, शेगडीला हिवाळाभर लाकूड लागायचं आणि ते वाळलं की नाही हे काका सांगायचे. उभ्या फोडलेल्या ओंडक्याची दोन फाळकी थप्पीच्या मधूनच ओढून काढायची आणि कानाजवळ एकमेकांवर आपटायची. वाळलेलं लाकूड टण वाजतं, ओलं थप करतं. आता हे पोरालाही कळेल असं कोणी म्हणेल, पण टण आणि थप यांच्या मधलीही पुष्कळ लाकडं असतात आणि पारखी लागतो तो तिथे. काका डोळे मिटून ऐकायचे, जरा वेळ घ्यायचे आणि एकच शब्द बोलायचे. 'वाळलंय' म्हणाले की ते त्या हिवाळ्यात जाळायचं. 'नाही' म्हणाले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही.

कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंना त्यांच्या जावयाने ओलावा मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. त्याची दोन टोकं लाकडात खुपसली की आकडा दिसतो. काकांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, 'खेळणं छान आहे' म्हणाले आणि परत दिलं. त्या दिवसापासून ते यंत्र मशीनच्या खणात बटणांच्या डब्याशेजारी पडून होतं. काकांचा शब्द असताना आकडा बघायचा म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

हा कान काकांनी कारखान्यात कमावला होता. अडतीस वर्षं ते बॉयलरच्या पत्र्यावर हातोडी मारून आतली चीर आवाजावरून ओळखत आले. आणि ज्या कारखान्याने कान दिला त्यानेच तो हळूहळू काढूनही घेतला. आधी पाखरं गेली. मग किटलीची शिट्टी गेली. मग लोकांच्या बोलण्यातले कडेकडेचे शब्द गळायला लागले. काकांनी हे कुणालाही सांगितलं नाही. बायकोला कळायला हवं होतं, पण चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला बायकोचं बोलणं ऐकू येत नाही यात कोणाला आजार दिसतो? 'तुमचं लक्षच नसतं,' एवढंच ती म्हणायची, आणि काका मान हलवायचे.

मान हलवायची ही युक्ती फार उपयोगी निघाली. समोरचा बोलायचा थांबला की मान हलवायची, जरा गंभीर चेहरा करायचा. दहातल्या नऊ वेळा निभतं. उलट माणसं म्हणायची, काका फार ऐकून घेतात बुवा.

दोन वर्षांपूर्वी एका घराच्या अंगणात त्यांनी फाळकी आपटली आणि थप ऐकू आलं. दुसरी घेतली, थप. तिसरी, तीही थप. पण डोळे उघडून बघतात तर समोरचा माणूस खुशीत होता, म्हणजे त्याला टण ऐकू आलं होतं. काका म्हणाले, 'वाळलंय.' तो हिवाळा त्या घरात झकास शेगडी पेटली. तेव्हापासून काका लाकूड ऐकेनासे झाले आणि माणसांचे चेहरे वाचू लागले. जोडीला वजन बघायचे, साल सुटते का बघायचे, टोकाला पडलेल्या भेगा बघायचे. 'भेगांवर जाऊ नका, आवाजावर जा,' असं वर्षानुवर्षं गल्लीला शिकवणारा माणूस आता चोरून भेगा बघत होता. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर मग आपण कोण उरलो, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा आणि रोज ते तो उद्यावर ढकलायचे.

काकांची थोरली बहीण, अक्का, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. पंच्याहत्तरी उलटलेली, चार पावलं चालली की धाप लागायची. आई लवकर गेल्यामुळे काकांना तिनेच वाढवलं होतं, त्यामुळे सत्तरीच्या भावावरही ती अजून नजर ठेवून असायची आणि चारचौघांत त्याचं कौतुकही करायची. लाकडाचं सगळं तिचे यजमान बघायचे. ते गेल्यावर पहिल्यांदाच तिने स्वतः लाकूडवाल्याला बोलावलं. गल्लीच्या रीतीप्रमाणे त्याने दोन खेपा आणल्या. एक यंदा जाळायची, वाळलेली. दुसरी या वसंतात तोडलेली, पुढच्या वर्षासाठी. अंगणातल्या भिंतीला लागून त्याने दोन्ही थप्प्या नीट लावल्या, डावीकडे वाळलेली आणि उजवीकडे, दाराजवळ, ओली. वर आपली ताडपत्री टाकली.

काका आले तेव्हा तो टेम्पोचा मागचा फळका लावत होता. पाठ काकांकडे, इंजिन चालू. अक्का शाल गुंडाळून पायरीवर उभी होती. काकांनी हाताला येतील ती, म्हणजे उजवीकडची, दोन फाळकी ओढली. टोकाला चांगल्या रुंद भेगा होत्या. खरं तर उन्हात पडलेल्या ओल्या लाकडाचीही टोकं अशीच तडकतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? शंका असेल तर एक फाळकं पुन्हा फोडायचं आणि आतली बाजू गालाला लावायची. ओलं असेल तर गार लागतं. पण कुऱ्हाड मागणं म्हणजे शंका आहे असं सांगणं. पारखीकाकांनी आयुष्यात कधी कुऱ्हाड मागितली नव्हती.

त्यांनी फाळकी आपटली. नेहमीसारखंच थप. डोळे उघडून अक्काकडे बघितलं. अक्काच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती की ती आशा म्हणजेच टण, असं काकांनी ठरवून टाकलं.

"वाळलंय," ते म्हणाले.

लाकूडवाल्याने फळक्याची कडी बसवता बसवता, मान न वळवता, काहीतरी म्हटलं. लांब वाक्य होतं. अक्का तोवर चहा ठेवायला आत वळली होती. लाकूडवाला बोलायचा थांबला तशी काकांनी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. त्याने एकदा वळून ती हललेली मान बघितली आणि तो निश्चिंतपणे टेम्पोत बसला.

थंडी आली. अक्काने दाराजवळची थप्पी आधी संपवायला घेतली. पंधरा दिवसांत ती दोनदा भावाकडे येऊन गेली. लाकूड फसफसतं, टोकातून फेस येतो, शेगडीची काच काळी होते, खोली काही तापत नाही. दोन्ही वेळा काकांनी सांगितलं की खालची झडप उघडी ठेव, हवा कमी पडते आहे. टोकातून फेस येतो याचा अर्थ एकच असतो आणि तो काकांना पहिल्याच वेळी कळला होता. ती परत गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. पण आता 'ते जाळू नको' म्हणायचं म्हणजे 'वाळलंय' का म्हणालास, या प्रश्नाला उत्तर द्यायचं. उद्या जाऊन बघतो, असं ते मनाशी म्हणाले. तीन आठवडे ते रोज हेच म्हणत होते.

ओल्या लाकडाचा धूर धुराड्यात काळा, चिकट, डांबरासारखा थर धरतो. तो थर एका दुपारी पेटला. धुराड्यातून ज्वाळा वर आल्या, भिंत तडकली, आगीचा बंब आला. शेजाऱ्यांनी अक्काला वेळेत बाहेर काढलं म्हणून जीव वाचला, पण बसायच्या खोलीचं छत काळं ठिक्कर पडलं आणि तिचा खोकला महिनाभर हलला नाही. गल्ली सगळी रस्त्यावर जमली. बंबवाल्यांच्या मुख्याने अर्धवट जळलेलं एक फाळकं उचलून बघितलं आणि म्हणाला, हे असलं ओलं लाकूड कोणी दिलं?

कोणी काकांकडे बघितलंसुद्धा नव्हतं. त्याआधीच ते बोलले. "मी तपासलं तेव्हा टण वाजत होतं. नंतर ओलं मिसळलं त्याने."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते किती सहज गेलं. गल्लीने मान डोलावली. अडतीस वर्षांचा कान आणि कालपरवाचा लाकूडवाला, यात कोणाचं खरं धरायचं याचा विचारही करावा लागला नाही. तेवढ्यात लाकूडवालाच धावत आला, कोणीतरी कळवलं असावं. तो काकांजवळ येऊन काही बोलू लागला, पण अक्का मध्ये पडली. तोंड काजळीने माखलेलं, धाप लागलेली, तरी तिने त्याला फाडफाड बोलून घेतलं आणि पुन्हा माझ्या दारात दिसू नकोस म्हणून हाकललं. तो काकांकडे बघत राहिला. काकांनी नजर बुटांवर नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूडवाला अक्काच्या अंगणात येऊन उरलेलं ओलं लाकूड घेऊन गेला आणि तेवढंच वाळलेलं लावून गेला. कोणाशी बोलला नाही. गल्ली म्हणाली, बघा, मनात काही नसतं तर कशाला बदलून देता? हेही आधी कोण म्हणालं होतं ते काकांना आठवत होतं. तेच म्हणाले होते.

धुराडं दुरुस्त होईपर्यंत अक्का काकांकडे राहायला आली. तिथे तिने जो कहर केला तो कौतुकाचा. येईल त्याला ती सांगायची की माझ्या भावाचं कधी चुकायचं नाही, त्या मेल्याने फसवलं. प्रत्येक वेळी काकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते उठून मागच्या अंगणात जायचे आणि उगाच फोडायचं नसलेलं लाकूड फोडत बसायचे. बायको म्हणायची की यांना बहिणीच्या दुखण्याचा घोर लागला आहे. गल्लीने लाकूडवाल्याला सांगून ठेवलेली लाकडं रद्द केली होती. त्याचा टेम्पो रस्त्यावरून जायचा तो रिकामा, आणि गल्लीच्या तोंडाशी आला की वेग वाढवायचा.

थंडी उतरणीला लागली तेव्हा अक्काला आठवलं की त्या माणसाची ताडपत्री अजून आपल्या अंगणात आहे. आपल्याला त्याचं काही नको, म्हणून तिने भावालाच ती परत द्यायला पाठवलं. ती दारात टाकून मागे फिरायचं, असं काका वाटेवर घोकत होते.

लाकूडवाल्याचं घर करवतीच्या शेडला लागून होतं. एवढ्या थंडीतही खिडक्या सताड उघड्या होत्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिचे डोळे लाल होते, आणि आत धूर इतका की काकांनाही लगेच ठसका लागला. शेगडीची काच काळीभोर. कोपऱ्यात एक लहान मूल कानटोपी घालून झोपलं होतं आणि झोपेतच खोकत होतं. खोकला ऐकू येत नव्हता, छाती उडताना दिसत होती. शेगडीशेजारी लाकडाचा ढीग होता. रुंद भेगांची ती टोकं काकांनी दारातूनच ओळखली.

लाकूडवाल्याने त्यांची नजर बघितली. समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अक्कांचंच आहे. घरचं वाळलेलं त्यांना दिलं, मग आम्हाला हेच राहिलं."

काका ताडपत्री छातीशी धरून उभे. त्याने ती घेतली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि त्यांना बसा म्हणाला. हे बसा म्हणणंच काकांना सहन झालं नाही. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्याने विचारलं, आवाज न चढवता, पण काकांच्या तोंडाकडे बघत, त्यामुळे काकांना शब्दन्शब्द कळला.

"त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं होतं, उजवीकडची थप्पी यंदाच तोडलेली, ओली आहे, अक्कांना या हिवाळ्यात जाळू देऊ नका. तुम्ही मान हलवलीत."

"हलवली," काका म्हणाले.

"मग गल्लीत तसं का बोललात? हिवाळाभर मी हाच विचार करतोय. तुमचं मी काय वाकडं केलं होतं?"

आपण खोटं बोललो हे काकांना माहीत होतं. पण या माणसाने हिवाळाभर धुरात बसून स्वतःची चूक शोधली असेल, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"मला ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले. "तुझं नाही, लाकडाचंही नाही. दोन वर्षं झाली."

लाकूडवाला रागावला असेल, पण आधी चेहऱ्यावर दिसली ती सुटका, एक कोडं सुटल्याची. मग म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? लाकूड कसं होतं ते मला माहीतच आहे. गल्लीत सांगा."

काका हो म्हणून आले आणि चार दिवस गप्प बसले. एवढं सगळं होऊनही चार दिवस. पहिल्या दिवशी पाऊस होता, दुसऱ्या दिवशी अक्काचा खोकला वाढला, तिसऱ्या दिवशी कारण शोधायचाही कंटाळा आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी शिवणवाल्या बाईंच्या बाहेरच्या खोलीत गल्ली जमणार होती. पुढच्या वर्षाचं लाकूड सगळे मिळून सांगतात, आणि यंदा नवा लाकूडवाला बघायचा होता. त्याने नमुन्याची सहा फाळकी पाठवली होती. काकांनी वाजवून बघायची, की झालं.

खोली भरलेली होती. कापडाचे तुकडे बाजूला सारून लोक बाकड्यांवर बसले होते, अक्का मशीनजवळच्या खुर्चीत, काकांची बायको तिच्या शेजारी. बाईंनी दोन फाळकी काकांच्या हातात दिली आणि सगळे गप्प झाले. निदान सगळ्यांची तोंडं मिटली. काकांनी फाळकी कानाजवळ नेली आणि आपटली. थप. समोरचे चेहरे वाट बघत होते. त्यातले दोन-चार तर असे खुशीत होते की उत्तर चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. एक शब्द म्हटला असता तर ती संध्याकाळही निभून गेली असती.

काकांनी फाळकी खाली धरली आणि सांगून टाकलं. मला ऐकू येत नाही. अक्काचं लाकूड ओलंच होतं, आपल्या जुन्या लाकूडवाल्याने मला तसं सांगितलंही होतं, त्याने काही मिसळलं नाही. मी खोटं बोललो.

कोणी हललं नाही. सगळे तसेच वाट बघत राहिले. बायकोने भुवया उंचावून, काय पुटपुटताय, अशी खूण केली. तेव्हा काकांना कळलं की आपला आवाज आपल्याला कळतच नाही, आणि मनात होतं ते ओठांच्या बाहेर आलंच नाही. म्हणजे पुन्हा सांगायचं. एकदा सांगायला एक हिवाळा लागला होता.

दुसऱ्या वेळी आवाज असा काही फुटला की शेजारच्या खोलीतलं पोर दचकून रडत उठलं. काका सगळं बोलले, पहिल्यापासून. माणसांचे चेहरे वाचायचे तेही, अक्का दोनदा येऊन गेली तेही, त्या घरातल्या काळ्या काचेचंही. बोलून संपल्यावर त्यांनी चेहऱ्यांकडे बघितलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते वाचायची इच्छा झाली नाही. बायकोने हात तोंडावर नेला होता. शिवणवाल्या बाईंनी काही न बोलता मशीनचा खण ओढला, यंत्र काढलं आणि फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली.

मग अक्काचे ओठ हलले.

काकांची मान सवयीने हलायला निघाली. अर्ध्यावर त्यांनी ती थांबवली. मानेला ओझं लागल्यासारखं झालं.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "ऐकू आलं नाही मला. पुन्हा सांग."

अक्का खुर्चीच्या हाताला धरून उठली. धापा टाकत त्यांच्यापर्यंत आली, लहानपणी कान धुवायला धरायची तसं त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड कानाला लावलं.

"मी त्याला चारचौघांत लबाड म्हटलं," ती म्हणाली. "तुझ्या एका शब्दावर."

हे मात्र सगळं ऐकू आलं. तिने डोकं सोडलं, खुंटीवरची शाल घेतली आणि ती दारापाशी जाऊन उभी राहिली. काकांना चल म्हणायची तिला गरज वाटली नसावी. ते निघाले.

रस्ता दहा मिनिटांचा, पण दोघांना अर्धा तास लागला. अक्का दर पन्नास पावलांवर थांबायची, श्वास घ्यायची आणि काहीतरी बोलायची. दर वेळी काका तिच्याकडे वळून काय म्हणून विचारायचे, आणि दर वेळी ती पुन्हा सांगायची, मागच्यापेक्षा जरा जास्त चिडून. करवतीची शेड दिसू लागली तशी दोघंही बोलायची थांबली. लाकूडवाल्याच्या धुराड्यातून जाड, पांढरा, जड धूर निघून छपरावरच लोळत होता. ओल्या लाकडाचा धूर. तो ओळखायला कान लागत नव्हते.